ऑपरेटरचे सुपरवायझर झालात? पहिले तीन महिने असे काढा

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठलीही एमआयडीसी घ्या. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेला, काही वर्षं सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) किंवा असेंब्लीवर उत्तम काम केलेला माणूस एक दिवस एचआरमध्ये बोलावला जातो आणि पुढच्या महिन्यापासून लाइन त्याच्या हाती येते. पत्र मिळतं, गणवेशाचा रंग बदलतो, पगारात थोडी वाढ होते. मशीन चालवायला त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं, माणसं सांभाळायला मात्र बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. हा लेख अशा नव्या सुपरवायझरसाठी आहे, मग तो दादा असो की ताई.

चांगला सुपरवायझर कोण, याची माझी कसोटी एकच आहे: लाइनवरची वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर पोहोचते. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तुटला, माप सरकलं, मशीनमधून वेगळा आवाज येतोय, कुणाला चक्कर आली, उद्या दोघं येणार नाहीत, हे सगळं पाच मिनिटांत कळलं तर त्यातलं बरंचसं निस्तरता येतं. तेच शिफ्ट संपल्यावर कळलं तर अख्खा लॉट अडकलेला असतो. शिस्त, ज्ञान, आवाजातला जोर, मॅनेजरची मर्जी या गोष्टी त्यानंतरच्या.

याला आधार आहे. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला. जिथे टीम चांगली, तिथे औषध देण्यातल्या चुका कमी असणार, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर दिसलं, की या टीममधले लोक झालेली चूक मोकळेपणाने सांगत होते. जिथे वरिष्ठांचा धाक होता तिथे चुका होतच होत्या, पण कागदावर येत नव्हत्या. आपल्या शॉप फ्लोअरवर वेगळं काही घडत नाही. ज्या शिफ्टच्या लॉगबुकात महिनोन् महिने फक्त "सर्व ठीक" लिहिलेलं असतं, ती शिफ्ट मला सगळ्यात धोक्याची वाटते.

चार्ज घेण्याआधी

मॅनेजरसोबत अर्धा तास मागून घ्या आणि तुमचे अधिकार नेमके विचारा. लाइन थांबवायचा निर्णय मी एकटा घेऊ शकतो का? एका दिवसाची रजा मी मंजूर करायची की तुमच्याकडे पाठवायची? ओव्हरटाइमला कुणाला थांबवायचं हे कोण ठरवतं? गेट पासवर माझी सही चालेल का? माल संशयास्पद वाटला तर क्वालिटीचा माणूस येईपर्यंत मी तो अडवून ठेवू शकतो का? उत्तरं मिळाली की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: "साहेब, आज आपलं ठरलं ते असं." तुम्ही लाइन थांबवाल आणि डिस्पॅचवाले फोनवर फोन करतील, तेव्हा हा मेल कामाला येतो. शिवाय कुठल्या गोष्टीला तुम्ही स्वतः हो किंवा नाही म्हणू शकता हे तुम्हालाच माहीत नसेल, तर लोक आठवडाभरात ओळखतात आणि तुम्हाला वगळून थेट वर जायला लागतात.

मागच्या तीन महिन्यांचं लॉगबुक, ब्रेकडाऊनच्या नोंदी आणि स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं मशीन येतं त्याचा तक्ता) घरी निवांत वाचा. कोणतं मशीन फक्त एकाच माणसाला चालवता येतं, हे त्यात शोधा. तो आजारी पडला की तुमची लाइन बसते.

पहिला आठवडा: विचारा आणि एक तरी गोष्ट करून दाखवा

पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून भाषण करू नका. प्रत्येकाच्या मशीनपाशी जा, सायकल सुरू असताना दोन मिनिटं उभं राहा आणि विचारा, "कुठे अडतं?" मग दुसरा प्रश्न: "कोणती गोष्ट सांगून सांगून थकलात, पण झाली नाही?" लिहून घ्या, त्यांच्यासमोर.

यादी ओळखीचीच निघेल. पंखा बंद आहे. कूलंट खाली सांडतं आणि पाय घसरतो. गेज (माप तपासायचं साधन) एकच आहे, त्यासाठी पलीकडच्या लाइनवर जावं लागतं. सेफ्टी शूजचा नंबर चुकलाय. यातली जी गोष्ट तुम्हाला स्वतःच्या ओळखीवर, मेंटेनन्स आणि स्टोअरशी बोलून, आठवड्यात करता येईल ती आधी करा. छोटी का असेना, पण पूर्ण करा. जे होणार नाही त्याचंही उत्तर द्या: "मामा, नवीन गेजचं बजेट पुढच्या तिमाहीत आहे, तोवर मी दोन लाइनमध्ये वेळा वाटून देतो." स्पष्ट नकार माणूस पचवतो. काहीच न कळवणं त्याच्या मनात राहतं, आणि पुढच्या वेळी सांगायला तो तुमच्याकडे येत नाही. वाईट बातमीची वाट पहिल्यांदा बंद होते ती इथे.

आता मित्रांचा विषय. काल ज्याच्यासोबत डबा खाल्ला त्याला आज काम सांगायचं आहे. काही जण लगेच अंतर ठेवायला लागतात, चहा वेगळा पितात, "अरे"वरून "अहो"वर येतात. मला ते पटत नाही. डबा एकत्रच खा, अरे-तुरेही राहू द्या. मात्र जवळच्या मित्राला बाजूला घेऊन एकदा सरळ सांगा: "रजा, ओव्हरटाइम आणि मशीनचं वाटप यात तुझं-माझं काही चालणार नाही. बाकी आपण आहोत तसेच." वाटपातला पहिला अप्रिय निर्णय त्याच मित्राच्या बाबतीत घ्यायची वेळ आली तर टाळू नका. सगळी लाइन तेच बघत असते.

वयाने मोठ्या, तुमच्याआधी पंधरा वर्षं त्याच शेडमध्ये असलेल्या काकांना काम सांगताना हुकूम नको आणि अजिजीही नको. "काका, हा जॉब तुम्ही लावलात की माप हलत नाही. नवीन पोराला सेटिंग दाखवाल का?" यात खोटं काही नाही. त्यांना जे येतं ते तुम्हाला येत नाही, हे मान्य केल्याने तुमचा अधिकार कमी होत नाही.

शिफ्टचा ताबा

पहिली शिफ्ट सातला सुरू होत असेल तर तुम्ही पावणेसातला हवे. आधीच्या सुपरवायझरसोबत मशीनजवळ जाऊन ताबा घ्या, केबिनमध्ये बसून नको. टूल कधी बदललं, ऑफसेट (माप जुळवायला मशीनमध्ये केलेली दुरुस्ती) किती दिला, कोणता माल होल्डवर (अडवून ठेवलेला) आहे आणि का, कोणतं मशीन "चालू आहे पण" या अवस्थेत आहे. या शेवटच्या प्रश्नात रात्रीची खरी हकिगत असते. नाकारलेल्या मालाचा लाल बिन स्वतः उघडून बघा. पहिला पीस पास झाल्याशिवाय उत्पादन सुरू करू नका, मग मागून कितीही घाई असो.

त्यानंतर पाच-सात मिनिटांची उभ्याउभ्या बैठक. आजचं लक्ष्य, कालची एक अडचण, सुरक्षेची एक गोष्ट. लाइनवर हिंदी बोलणारी मुलं असतील तर तेच हिंदीतही सांगा. पूर्ण सूचना न कळताही मान डोलावणारा नवखा मुलगा प्रत्येक शिफ्टमध्ये असतो.

वाईट बातमी आली, की पहिली दहा सेकंदं

या भागावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

साडेदहाला एक ऑपरेटर येऊन सांगतो, "सर, बोअर (भोक) मोठा जातोय. चाळीसेक पीस तसेच गेले असतील." तुमच्या तोंडून आता काय निघतं, यावर पुढचं वर्षभर लोक तुम्हाला काय सांगतील हे ठरतं. "चाळीस? झोपला होतास का?" हे वाक्य स्वाभाविक आहे, पण फार महाग आहे. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येणार नाही. शेजारच्या तिघांनीही ते ऐकलेलं असतं, त्यामुळे तेही येणार नाहीत. मग माल ग्राहकाकडे जाऊन परत येईल आणि क्वालिटीची माणसं तिथे जाऊन हजारो पीस हाताने तपासत बसतील.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा. आधी, "बरं झालं लगेच सांगितलंस." मग, "कुणाला लागलं नाही ना?" मग मशीन थांबवा आणि शेवटच्या तपासलेल्या चांगल्या पीसनंतरचा सगळा माल वेगळा काढून त्यावर टॅग लावा. पुढच्या टप्प्यावर किती गेला ते बघा, क्वालिटीला आणि मॅनेजरला कळवा. "का झालं" हा प्रश्न या सगळ्यानंतर, आणि "कुणी केलं" हा बहुतेक वेळा लागतच नाही.

कारण शोधायची जुनी आणि उपयोगी रीत टोयोटाची आहे: पाच वेळा "का" विचारायचं. ताइइची ओनो यांनी त्याचं दिलेलं उदाहरण आपल्या मेंटेनन्सवाल्यांना लगेच पटेल. मशीन का थांबलं? ओव्हरलोडने फ्यूज उडाला. ओव्हरलोड का? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं? पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, धातूचा कीस आत गेला. पहिल्या उत्तरावर थांबलो असतो तर नवा फ्यूज टाकला असता आणि मशीन पुन्हा बंद पडलं असतं. ही साखळी माणसाच्या नावावर संपत असेल तर अजून एकदा "का" विचारा. "रमेशचं लक्ष नव्हतं" हे कारण होत नाही. गेज लांब का होता, तपासणी दर किती पीसला ठरली होती, नवा इन्सर्ट लावल्यावर माप घ्यायचं कुठे लिहिलेलं होतं का, हे प्रश्न अजून बाकी असतात.

त्याच कंपनीत लाइनवरचा कामगार दोरी ओढून अडचण कळवतो. दोरी ओढल्या क्षणी लाइन थांबत नाही. टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या जागेपर्यंत गाडी पोहोचायच्या आत अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाही सुटली तर थांबते. आपल्याकडे अनेक कारखान्यांत दोरी किंवा बटण बसवलेलं असतं, पण ते दाबल्यावर कुणी येतच नाही. तुमच्याकडे त्या बटणाचा दिवा लागला तर हातातलं सोडून जा. महिनाभर हे नियमाने केलंत तर लोक बटण वापरायला लागतील.

एका जागी मात्र सौम्यपणा नको. चूक होणं आणि जाणूनबुजून सुरक्षा काढून ठेवणं यांत मी ठाम फरक करतो. प्रेसवर दोन्ही हातांचं बटण असतं, ते हात डायखाली जाऊ नये म्हणून. त्यातलं एक बटण पट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं, दाराच्या इंटरलॉकला तार बांधलेली दिसली, तर मशीन तिथेच बंद. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसोबत काम करते. पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं त्यांच्याकडे सतत येतात. तुमच्या शिफ्टमधल्या पोराची बोटं कुठल्याही डिस्पॅचपेक्षा मोठी आहेत. मशीन बंद केल्यावर पुढचा प्रश्न विचाराच: पट्टी लावायची गरज का वाटली? बरेचदा उत्तर असतं की टार्गेट दोन्ही हातांनी होत नाही. मग त्या टार्गेटबद्दल वरिष्ठांशी बोलणं हे तुमचं काम.

बोलणी आणि शाबासकी

रागवायचं असेल तर बाजूला, एकट्याला, त्याच दिवशी. नेमकं काय घडलं ते सांगा, स्वभावावर जाऊ नका. "तू नेहमीच असं करतोस" याऐवजी "या आठवड्यात दोनदा पहिला पीस न दाखवता मशीन सुरू झालं." मग गप्प बसून त्याचं ऐका. घरी कुणीतरी आजारी असतं, रात्रभर दवाखान्यात जागरण झालेलं असतं. हे न विचारता कळत नाही. शाबासकी मात्र सगळ्यांसमोर, आणि तीही नेमकी. "छान काम" याने कुणाला काही मिळत नाही. "काल रात्री संगीताताईंनी बेअरिंगचा आवाज ओळखून मशीन थांबवलं, स्पिंडल वाचला" असं म्हटलंत की आवाजाकडे लक्ष द्यायचं असतं हे वीस जणांना कळतं.

रजा, ओव्हरटाइम आणि कोण कुठल्या मशीनवर

नव्या सुपरवायझरवरचा विश्वास बहुतेक वेळा इथेच जातो, आणि तो फार मोठ्या अन्यायाने जातो असंही नाही. एकाला गौरी-गणपतीला चार दिवस मिळाले, दुसऱ्याला दोन. कारण कुणी सांगितलं नाही, एवढं पुरतं.

आपल्या लाइनवरची माणसं कुठून आली आहेत हे माहीत असेल तर वर्षाचा अंदाज आधीच बांधता येतो. मराठवाडा-विदर्भातली मुलं जूनमध्ये पेरणीला आणि ऑक्टोबरच्या आसपास सोयाबीन काढायला गावी जाणार. कोकणातल्यांना गणपती चुकवायचा नसतो. चैत्रात गावोगावच्या जत्रा, मेमध्ये लग्नं, आषाढीला वारी, बिहारच्या मुलांना दिवाळीनंतर छठ. ही गर्दी दरवर्षी होते, तरीही दरवर्षी "अचानक" माणसं कमी पडली असं वर कळवलं जातं. दोन महिने आधी एक मोठा कॅलेंडर-कागद भिंतीवर लावा, ज्याला जायचंय त्याने स्वतः नाव लिहावं. एका दिवशी किती जण जाऊ शकतात हा आकडा वरच लिहा. नावं जास्त झाली तर त्यांनाच आपसात ठरवू द्या. नाहीच जमलं तर मागच्या वर्षी ज्याला मिळाली नव्हती त्याला आधी. नियम सगळ्यांना आधी माहीत असला की नकार सोसवतो.

ओव्हरटाइमचंही तसंच. कुणाला घरी पैशांची गरज असते, कुणाला तान्हं मूल असतं. पाळीपाळीने विचारा आणि यादी उघड ठेवा. जादा कामाला दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेला नियम आहे आणि नव्या कामगार संहितांतही तो आहे. "आज जरा थांब, नंतर बघू" असं तोंडी कबूल करून माणूस थांबवू नका. गरम, घाणीची, कंटाळवाणी मशीन कायम एकाच्याच, आणि बहुतेक करून कंत्राटी मुलाच्या वाट्याला येत असतील तर फिरती पाळी लावा. पिंपरी-भोसरीकडे गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. ती रद्द करायची वेळ आलीच तर बुधवारी दुपारी नको, चार दिवस आधी सांगा.

कंत्राटी मुलं आणि महिला

कंत्राटी मुलाला "ए कॉन्ट्रॅक्ट" म्हणून हाक मारणं तुमच्या लाइनवर पहिल्याच दिवशी बंद करा. नाव विचारा. त्याचे बूट, हातमोजे, गॉगल कायम कामगारासारखेच हवेत. तो मशीनवर उभा राहायच्या आधी ठेकेदाराला विचारा, की ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) याची नोंद झाली का, ई-पहचान कार्ड कुठे आहे. कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, पण नोंदणीची धावपळ अपघातानंतर सुरू झाली तर त्या घराचे फार हाल होतात.

लाइनवर एखाद्या महिलेने लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर ते "दोघांना बसवून" मिटवायला जाऊ नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यात कंत्राटी महिलाही येतात. साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. समितीतल्या बाईंचं नाव-नंबर द्या, लिहायला मदत लागली तर मिळवून द्या आणि बाहेर एक शब्दही काढू नका.

वरचा दबाव जसाच्या तसा खाली ढकलू नका

मॅनेजर म्हणतात, "१६० पीस पाहिजेत." तुम्ही खाली येऊन तेच मोठ्या आवाजात म्हणालात तर मधे तुमची गरज काय? हिशेब करा. साडेआठ तासांची शिफ्ट म्हणजे ५१० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहाची २० वजा केली की ४६०. सेटिंग बदलायला ४० गेली, राहिली ४२०. लोड-अनलोड धरून सायकल तीन मिनिटांची असेल तर १४० पीस. १६० ला ४८० मिनिटं लागतात, म्हणजे चहाही नाही आणि सेटिंगही नाही. हा कागद घेऊन मॅनेजरकडे जा, सोबत उपाय न्या: "सेटिंग आदल्या शिफ्टमध्ये करून मिळालं तर १५३ होतील." आकड्यांनी बोलणाऱ्या सुपरवायझरचं ऐकलं जातं. आणि उशीर होणार असेल तर तो दुपारी दोनला सांगा, साडेतीनला नाही. खालून तुम्हाला बातमी लवकर हवी, तशी वरच्यांनाही हवी असते.

स्वतः मशीनवर हात चालवण्याचा मोह होईल, कारण तिथे तुम्ही राजा होतात. गूगलने आपल्या चांगल्या मॅनेजरांचा अभ्यास केला होता; त्यातल्या आठ गुणांच्या यादीत माणसं घडवणं पहिलं आलं आणि तांत्रिक कौशल्य शेवटचं. शॉप फ्लोअरवर मी ते इतकं खाली ठेवणार नाही, मशीन न कळणाऱ्याचं इथे कुणी ऐकत नाही. तरीही तुम्ही एका मशीनवर अडकलात की बाकीच्या नऊ मशीनची बातमी तुमच्यापर्यंत येत नाही. शिकवायला हात लावा, पीस काढायला नको.

तिसऱ्या महिन्यात तपासा

लॉगबुक पुन्हा उघडा. छोट्या अडचणींच्या नोंदी वाढल्या असतील तर घाबरू नका, मॅनेजरलाही ते आधीच समजावून ठेवा. मोठे लॉट अडकायचे कमी झाले का, हे त्याच्याशेजारी ठेवून बघा. कुणी रात्री फोन करून "उद्या जमणार नाही" सांगतं का, की सकाळी गेटवरच कळतं? तुमचा निर्णय चुकीचा आहे असं गेल्या महिन्यात कुणी तोंडावर सांगितलं का? कुणीच नसेल तर पहिल्या आठवड्याचे दोन प्रश्न घेऊन पुन्हा प्रत्येक मशीनपाशी जा.

आणि एकाला तयार करायला घ्या. ताबा घेणं, बैठक घेणं, होल्डचा माल वेगळा करणं हे त्याला तुमच्यासमोर आठवडाभर करू द्या. मग दोन दिवसांची रजा टाका. जाताना त्याला तुमचा नंबर द्या, कोणत्या तीन गोष्टींसाठी फोन करायचा ते लिहून द्या, आणि तुम्ही स्वतःहून फोन करू नका. परत आल्यावर त्याच्यासोबत लॉगबुकाचं प्रत्येक पान बघा.